मित्रांसोबत चार-पाच दिवस बाईकवर, तेही डोंगरातल्या आडरस्त्यांनी: आखायचं कसं, चालवायचं कसं

डोंगरातल्या रस्त्याला किलोमीटर मोजायचे नाहीत, तास मोजायचे. हायवेला २०० किमी म्हणजे जेवणाच्या आत उरकणारं काम, तेच २०० किमी आडरस्त्याच्या घाटात म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत आणि उतरल्यावर मनगटं, मान, कंबर सगळं बोलायला लागतं. फोनवरचा मॅप जो वेळ दाखवतो तो न थांबणाऱ्या गाडीचा असतो, त्यात तुमचं पेट्रोल नाही, पाणी नाही, रेनकोट घालायला थांबणं नाही, कुणाची बॅग सुटली ते नाही. मी सरळ दीडपट करतो. थांबे धरून ताशी २५ ते ३५ किमी एवढाच हिशोब लावायचा, म्हणजे दिवसाला १५० ते २०० किमी भरपूर झाले, रस्ता कच्चा असेल तर १०० सुद्धा पुरे. कागदावर हे कमी वाटतं आणि ग्रुपमधलं कुणीतरी म्हणणारच की एवढंच कशाला, पुढच्या गावापर्यंत जाऊ, तेव्हा ठाम राहायचं.

आणि मुक्कामाला अंधार पडायच्या निदान दोन तास आधी पोचेल असाच दिवस आखा. दरीत सूर्य लवकर डोंगराआड जातो, घड्याळात उजेड बाकी असतो पण रस्त्यावर सावली पसरलेली असते आणि त्या सावलीत खड्डा, खडी, ओल काहीच नीट दिसत नाही. दोन तास हातात असले की पंक्चर झालं तरी कुणी घाईत चालवत नाही. चार-पाच दिवसांची ट्रिप असेल तर तिसरा दिवस अर्धाच ठेवा. पहिले दोन दिवस उत्साहात निघून जातात, थकवा साठतो तो तिसऱ्या दिवशी बाहेर येतो, आणि थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे सगळ्यात शेवटी कळतं.

आता मुख्य मुद्दा, माझ्या मते अख्खी ट्रिप यावरच उभी असते. ग्रुपचा स्पीड ठरवायचा नाही, ग्रुपच्या थांबायच्या जागा ठरवायच्या. "सगळे एकत्र चालवू, साधारण ५०-६० ने" असं म्हटलं की मागचा माणूस पुढच्याच्या टेललाइटकडे बघत चालवायला लागतो, वळण स्वतःच्या डोळ्यांनी बघतच नाही, पुढचा ज्या वेगात शिरला त्या वेगात तोही शिरतो आणि त्याला ते झेपत नाही. डोंगरात ग्रुपमधले बरेचसे अपघात अशा ओढीतूनच होतात असं मला मनापासून वाटतं. उलट "पुढचा फाटा, तिथे सगळे भेटू" एवढंच ठरलं असेल तर प्रत्येकजण आपल्या हिशोबाने येतो, कुणी दहा मिनिटं मागे राहिला तरी काही बिघडत नाही, आणि आधी पोचलेल्याला तेवढंच हातपाय मोकळे करायला मिळतं.

कोण कोण, आणि किती जण

चार ते सहा बाईक. याच्या वर गेलात की प्रत्येक थांबा लांबतो, एकाचं हेल्मेट घालून होईपर्यंत दुसऱ्याला तहान लागते, अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला की सगळ्यांना बाजूला घ्यायला जागा मिळत नाही. दहाजण तयार असतील तर सरळ दोन गट करा, दोन लीड (सगळ्यात पुढे चालणारे), दोन शेवटचे, फक्त मुक्काम एक. कुणाला वाईट वाटायचं कारण नाही, रात्री सगळे एकत्रच असणार आहेत.

निघायच्या आधी एकदा बसून बोला, आणि त्यात रूटपेक्षा बाकीच्या गोष्टी जास्त बोला. सकाळी किती वाजता गाडी चालू झाली पाहिजे (उठायची वेळ नाही, गाडी चालू व्हायची वेळ), राहायला किती खर्च चालेल, अंधारात चालवायचं का (माझं उत्तर नाही), कुणाच्या मागे पिलियन (मागच्या सीटवर बसणारा) आहे, कुणाला गुडघ्याचा, कंबरेचा, दम्याचा त्रास आहे, आणि एखाद्याला एखादा रस्ता नको वाटला तर काय करायचं. या शेवटच्यावर आमच्याकडे पक्का नियम आहे, एकाने जरी म्हटलं की हा रस्ता मला जमणार नाही तर चर्चा न करता दुसरा रस्ता घ्यायचा. समजावत बसायचं नाही, चिडवायचं तर नाहीच. ज्याला भीती वाटतेय आणि तरी लाजेखातर येतोय तो सगळ्यांसाठीच धोका असतो, आणि ते बोलून दाखवायला त्याला जागा आपणच करून द्यायची असते.

पैशाचं पण तेव्हाच मिटवा, सगळ्यांनी सारखी रक्कम काढायची, एकाने सांभाळायची, पेट्रोल ज्याचं त्याचं, बाकी त्यातून. रोज रात्री हिशोब करत बसलं की मजा जाते.

लीड, शेवटचा, आणि फाट्यावरचा नियम

पुढे असा माणूस हवा ज्याला रूट माहितीये आणि जो आरशात बघतो. सगळ्यात फास्ट माणूस लीडला नको, सगळ्यात शांत माणूस हवा. नवखा किंवा सगळ्यात हळू चालवणारा लीडच्या लगेच मागे, म्हणजे दुसरा, कारण लीडला आरशात तो सतत दिसतो आणि तो आपोआप त्याच्या चालीने घेतो. नवख्याला शेवटी टाकलं तर तो दिवसभर गाठायच्याच मागे असतो, त्यापेक्षा वाईट जागा नाही. सगळ्यात शेवटी अनुभवी माणूस, त्याच्याकडे हत्यारं आणि फर्स्ट एड, आणि त्याने कधीही कुणाला मागे टाकून पुढे जायचं नाही, कुणी थांबला की त्याने थांबायचं.

रस्ता चुकू नये म्हणून सगळ्यात सोपी पद्धत अशी, प्रत्येक फाट्यावर प्रत्येकाने आपल्या मागचा दिसेपर्यंत थांबायचं, त्याने आपल्याला बघितलं की मगच वळायचं. एवढंच. सरळ रस्ता असेल तर थांबायची गरज नाही, फक्त जिथे शंका येऊ शकते तिथे. मागचा आला नाही तर तुम्ही थांबलेले, मग तुमच्या पुढचा थांबणार, असं करत करत निरोप न देता लीडपर्यंत कळतं की मागे काहीतरी झालंय. नेटवर्क नसलं तरी चालतं, इंटरकॉमची (हेल्मेटमधून एकमेकांशी बोलायच्या यंत्राची) बॅटरी गेली तरी चालतं. गट मोठा असेल तर दुसरी पद्धत, लीड फाट्यावर दुसऱ्या नंबरच्याला खुणेसाठी उभं करतो, बाकी सगळे त्याच्यासमोरून वळतात आणि शेवटचा आला की तो त्याच्या पुढे लागतो. पण यात उभा राहिलेल्याने काहीही झालं तरी जागा सोडायची नाही, नाहीतर सगळा घोळ.

दोन बाईकमधलं अंतर सरळ रस्त्यावर कमीत कमी दोन सेकंदांचं, ओल्यात आणि खडीवर त्याच्या दुप्पट, धुरळा असेल तर धुरळा बसेपर्यंत थांबा, पुढे काय चाललंय दिसतच नसेल तर चालवून काय उपयोग. डावी-उजवी अशी आडवीतिडवी रांग फक्त रुंद सरळ रस्त्याला, वळणं चालू झाली की एकामागे एक, कारण वळणात प्रत्येकाला आपली अख्खी लेन लागते. ओव्हरटेक प्रत्येकाचा स्वतंत्र निर्णय. पुढच्याने हात करून ये म्हटलं, इंटरकॉमवर क्लिअर म्हटलं, तरी तुम्हाला स्वतःला दिसलं पाहिजे, तो म्हणाला तेव्हा मोकळा असलेला रस्ता तुम्ही पोचेपर्यंत मोकळा असेलच असं नाही.

वळण

इथे जरा जास्त लिहितो कारण डोंगरात दिवसभर दुसरं काही नसतंच.

वेग वळणाच्या आधी कमी करायचा, गाडी सरळ असताना, गियर पण तेव्हाच टाकून घ्यायचा, आणि वळणात हलका थ्रॉटल धरून ठेवायचा. आत शिरल्यावर "अरे जास्तच झालं" वाटून थ्रॉटल एकदम सोडला किंवा पुढचा ब्रेक करकचून दाबला की गाडी उभी राहायला बघते आणि रुंद जाते, म्हणजे नेमकी समोरच्या लेनमध्ये किंवा दरीच्या बाजूला. हळू शिरलात तर फार तर दोन सेकंद गेले.

किती हळू, ते रस्ताच सांगतो. वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर एका ठिकाणी मिळाल्यासारख्या दिसतात ना, नजर त्या बिंदूवर ठेवा. तो बिंदू तुमच्याकडे सरकत असेल तर वळण आवळतंय, अजून कमी करा. तुमच्याच वेगाने पुढे सरकत असेल तर वेग बरोबर आहे. लांब पळायला लागला की वळण उघडतंय, आता थ्रॉटल द्यायला हरकत नाही. दोन-तीन घाट हे मुद्दाम करून बघा, नंतर डोळ्यांना सवय होते आणि अनोळखी रस्त्याची भीती निम्मी होते.

जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण एकाच गाडीपुरता अरुंद रस्ता असेल तर दिसतोय त्याच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे, कारण समोरून येणाऱ्यालाही थांबायला तेवढंच अंतर लागणार आहे. ताशी ४० ला तुम्ही सेकंदाला ११ मीटर जाता, ६० ला जवळजवळ १७, म्हणजे ब्रेककडे बोट जाईपर्यंतच एवढं अंतर संपलेलं असतं. वर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, ४० च्या ऐवजी ६० असाल तर ते सव्वादोन पट होतं, दीडपट नाही. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, आणि तुमच्या हॉर्नला उत्तर आलं नाही म्हणून समोर कुणी नाही असं समजू नका.

लेनमधली जागा: जिथे वाहतूक डाव्या बाजूने चालते तिथे उजव्या वळणाला आपल्या लेनच्या डाव्या भागात राहिलं की पुढचं जास्त दिसतं, फक्त अगदी कडेची खडी टाळा. डाव्या वळणाला लेनच्या मध्याच्या किंचित उजवीकडे, पण मधल्या रेषेपासून आत. उजव्या वळणात रेषेला चिकटून राहिलात तर गाडी झुकली की तुमचं डोकं आणि खांदा रेषेच्या पलीकडे जातो, चाक आत असलं तरी. रेषाच नसलेल्या रस्त्याला हा खेळ खेळूच नका, आपल्या बाजूला राहा.

आणि जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. दरीकडे बघितलं तर दरीकडे, दगडाकडे बघितलं तर दगडाकडे. घाबरल्यावर नजर आपोआप धोक्यावर चिकटते, ती मुद्दाम ओढून बाहेर पडायच्या जागेकडे न्यायला लागते. आणि त्याच वेळी उजवीकडे जायचंय तर हँडलची उजवी बाजू पुढे ढकलायची, डावीकडे तर डावी, थोडा वेग असलेल्या कुठल्याही बाईकला वळवायची हीच रीत आहे, फक्त आपण ते नकळत करत असतो. अडचणीत ते जाणूनबुजून जोरात करता आलं पाहिजे, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर सराव करून ठेवा.

हेअरपिनला, म्हणजे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो अशा वळणाला, पहिला किंवा दुसरा गियर, मान पूर्ण वळवून बाहेर पडायच्या रस्त्याकडे बघायचं, क्लच दाबून तरंगत जायचं नाही, मागच्या ब्रेकवर हलका पाय. हँडल वळलेलं असताना एकदम कमी वेगात पुढचा ब्रेक दाबलात की गाडी आडवी, लगेज असेल तर धरता पण येणार नाही. चढाच्या हेअरपिनला आतल्या बाजूचा चढ सगळ्यात उभा असतो, तिथे इंजिन दम तोडतं, म्हणून जागा असेल तर आणि समोर दिसत असेल तर थोडं बाहेरून घ्या. वरून मोठी गाडी वळत असेल तर खालीच थांबा, तिला अख्खा रस्ता लागतो. आणि बऱ्याच ठिकाणी डोंगरात चढणाऱ्याला आधी जाऊ देतात, तुम्ही उतरत असाल तर तुम्ही बाजूला घ्या.

उतार, खडी, पाणी

लांब उताराला गाडी गियरमध्येच हवी, ज्या गियरने चढला असता साधारण त्याच गियरने उतरा. न्यूट्रल टाकून, इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणं डोक्यातून काढून टाका. ब्रेक सतत घासत ठेवले की तापतात, आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेणारं असतं, जुनं झालं की त्याचा उकळायचा बिंदू खाली येतो. डॉट ४ या दर्जाचं ब्रेक ऑइल घ्या, नवं असताना कमीत कमी २३० अंश सेल्सिअस, आणि पाणी मुरलेलं असताना कमीत कमी १५५, असं ते मानक आहे, यावरूनच फरक कळतो. ते उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ लागते, हँडलपर्यंत येते. असं वाटलं की गियर खाली टाकत थांबायचं, गार होऊ द्यायचं, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचं नाही, ती वाकू शकते. ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर ट्रिपच्या आधी बदला, हे काम स्वस्त आहे आणि लोक नेमकं हेच विसरतात.

खडीवर आणि कच्च्यावर फूटरेस्टवर उभं राहा, गुडघे टाकीला, हात सैल. पुढचं चाक थोडं इकडेतिकडे नाचणारच, त्याच्याशी भांडू नका. हँडल घट्ट आवळलं की तुमच्या हाताचा ताण चाकात जातो आणि गाडी पडते. गाड्या जातात ती चाकोरी बहुतेक वेळा साफ असते, खडी मधल्या पट्ट्यात आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला साठते. ब्रेक मागचा जास्त, पुढचा अगदी हलका आणि फक्त सरळ असताना. सावलीतल्या वळणांवर खास लक्ष ठेवा, उन्हातला रस्ता वाळलेला असतो आणि तीच वाट डोंगराच्या मागे वळली की ओली, थंडीच्या दिवसात बर्फाचा पातळ थर सुद्धा, जो ओल्या डांबरासारखाच दिसतो.

ओढा रस्त्यावरून वाहत असेल तर आधी एकाने पायी जाऊन बघायचं. तळाला काय आहे, किती खोल, ओढ किती. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल आणि तळ घट्ट असेल तर जमतं, गुडघ्यापर्यंत आणि वाहतं असेल तर परत फिरा. पहिला गियर, एकसारखा थ्रॉटल, मध्ये थांबायचं नाही, एकावेळी एकच बाईक आणि बाकीचे दोघं पाण्याच्या खालच्या बाजूला मदतीला, बाईकच्या अगदी खाली मात्र उभं राहू नका, पडली तर तुमच्यावरच येईल. बर्फ वितळून येणारं पाणी सकाळी कमी असतं आणि ऊन चढेल तसं दुपारनंतर वाढत जातं, त्यामुळे असे ओढे सकाळी पार होतील असा दिवस आखा. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबून वाळवून घ्या. आणि बाईक पाण्यात पडून बंद झाली तर स्टार्टरला हात लावू नका! सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, एअर फिल्टर बघा, पाणी बाहेर काढा, मग.

बाईक आणि सामान

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या रात्री करू नका, दहा दिवस आधी करा आणि मग शे-दोनशे किमी चालवा, म्हणजे काही ढिलं राहिलं असेल तर घराजवळच कळेल. नवे टायर टाकायचे तर तेही तेव्हाच, पहिले शंभरेक किमी त्यांना नीट पकड नसते. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे, आणि तो फिरवून सगळ्यात आवळलेल्या जागी मोजा. जास्त घट्ट चेन जास्त वाईट, कारण लगेज आणि पिलियन बसल्यावर खड्ड्यात ती अजून ताणली जाते. रोज मुक्कामाला पोचल्यावर चेन गरम असतानाच ल्यूब मारा, रात्रभर मुरतं, सकाळी मारलं तर सगळं रिमवर उडतं.

टायरमधली हवा लोडप्रमाणे, गाडीवर स्टिकर असतो त्यात एकट्याचं आणि दोघांचं वेगळं लिहिलेलं असतं. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) पण वाढवा, नाहीतर मागून गाडी बसते, पुढून हलकी होते, हेडलाइट झाडावर पडतो आणि वळणात गाडी रुंद जाते.

सामान खाली आणि पुढे, जड वस्तू सीटच्या दोन्ही बाजूंच्या बॅगांत, मागच्या टोकाला फक्त हलकं, झोपायची पिशवी वगैरे. दोन्ही बाजूंचं वजन सारखं. पट्ट्यांची लोंबणारी टोकं बांधून टाका, एक टोक चेनमध्ये गेलं की मागचं चाक जाम. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने एकदा थांबून सगळं परत आवळा, काहीतरी बसलेलं असतंच. रेनकोट सगळ्यात वर, बॅगेच्या तळाशी असलेला रेनकोट कुणीच वेळेवर घालत नाही, पाऊस थांबेल म्हणत म्हणत भिजतात.

हत्यारं प्रत्येकाने सगळी नेऊ नका, वाटून घ्या. ग्रुपमध्ये एक पंप, एक ट्यूबलेसचं पंक्चर किट, ट्यूबवाल्या गाड्या असतील तर टायर काढायच्या पट्ट्या आणि पुढची-मागची ट्यूब, चेनची जोडकडी, क्लच आणि ब्रेकची लिव्हर, फ्यूज, तार, झिप टाय, चांगली चिकटपट्टी, इंजिनला भोक पडलं तर बुजवायला धातूचं एपॉक्सी. मागचं चाक खोलायला लागतो तो पाना तुमच्या गाडीचा आहे का हे घरीच खोलून बघा. क्लच केबल बदलायला वेळ लागतो, म्हणून नवी केबल जुनीच्या शेजारून आधीच ओवून, टोकं झाकून, टेपने बांधून ठेवा, तुटली की दोन टोकं जोडली की झालं. ही एक युक्ती सगळ्यांनी कराच.

कपड्यांचं थोडक्यात. दर १००० मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात चालत्या गाडीचा वारा वेगळा. त्यामुळे एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा पातळ तीन थर न्या, अंगालगत कॉटन नको कारण ते घामाने ओलं होतं आणि ओलंच राहतं. ग्लोव्हजच्या दोन जोड्या, बोटं बधीर झाली की ब्रेकचा अंदाजच जातो. वायझर पारदर्शक. बूट घोटा झाकणारे.

पेट्रोलचा हिशोब सगळ्यात लहान टाकीवाल्याचा. त्याची गाडी फुल टाकीत जेवढी जाते त्याच्या दोन तृतीयांश अंतरात पुढचा पंप यायला हवा, चढाला ॲव्हरेज पडतं आणि पंप बंदही असू शकतो. पंप दिसला की सगळ्यांनी भरायचं, माझ्यात आहे अजून म्हणून कुणी बसून राहायचं नाही, नाहीतर त्याच्यासाठी तासाभराने परत थांबावं लागतं.

उंचावर जाणार असाल तर

३००० मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला आहे. दिवसा खिंड ओलांडून खाली झोपायला येणं चालतं, मोजायची ती झोपायची उंची. बाईकवर हे मोडायला फार सोपं, कारण पायी चढणाऱ्याला दम लागून तो थांबतो, आपण मात्र बसल्याजागी दोन तासांत दीड हजार मीटर वर गेलेलो असतो. डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं ही सुरुवात. एवढं झालं तर त्याच उंचीवर थांबा, वर जाऊ नका, दारू नको. चालताना तोल जातोय, बोलण्यात गोंधळ आहे किंवा नुसतं बसूनही दम लागतोय तर वेळ न घालवता खाली, रात्र असली तरी, आणि त्याला बाईक चालवू द्यायची नाही, कुठलीही चारचाकी मिळवायची. ज्याला त्रास होतोय तो बहुतेक वेळा मी ठीक आहे असंच म्हणतो. म्हणून मित्रांनी एकमेकांकडे बघायचं, नेहमी बडबड करणारा गप्प झालाय का, वळणं ओबडधोबड घेतोय का, थांबल्यावर स्टँड लावायला विसरतोय का.

गाडीलाही हवा कमी पडते. दर १००० मीटरला साधारण दहा टक्के ताकद जाते असं धरा, साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच असतो. इंजेक्शनवाल्या गाड्या पेट्रोल आपोआप कमी करतात, ताकद तरी जातेच, कार्ब्युरेटरवाल्यांना पेट्रोल जास्त होऊन त्या अडखळतात, काळा धूर, प्लग काळा. साफ एअर फिल्टर, एक जास्तीचा प्लग, आणि चढाला एक गियर खाली ठेवून आवाज मोकळा ठेवा.

कुणी पडलं तर

पडलेल्याकडे धावायच्या आधी वाहतूक थांबवा. दोघंजण वळणाच्या दोन्ही बाजूंना, लांब, हात हलवत. मग माणूस. श्वास चालू असेल आणि शुद्धीत असेल तर हलवू नका, हेल्मेट ओढू नका, मान स्थिर ठेवून बोलत राहा. श्वास थांबला असेल किंवा हेल्मेटमुळे श्वास घेता येत नसेल तर मात्र काढावंच लागतं आणि ते दोघांनी, एकाने मान-जबडा खालून धरायचा, दुसऱ्याने हळू सरळ काढायचं. याचं फर्स्ट एड शिक्षण ग्रुपमधल्या निदान दोघांनी घेतलेलं असावं असा माझा आग्रह आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड आणि घट्ट दाब, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. अनेक देशांत मोबाइलवरून ११२ लागतो, तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्याच्या नेटवर्कवरून बऱ्याचदा जातो, म्हणून प्रयत्न कराच. अजिबात नेटवर्क नसलेला भाग असेल तर ग्रुपमध्ये एक सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र असलं की जीव शांत राहतो. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि घरचा नंबर एका कागदावर, जॅकेटच्या आतल्या खिशात. मॅप ऑफलाइन उतरवलेले सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत, एकट्या लीडच्या नाही, आणि रोजचा रूट व पोचायची वेळ घरी एका माणसाला माहीत हवी.

किरकोळ पडलं, काही लागलं नाही, तरी लगेच निघू नका. पडल्यावर अंगात जो जोर आलेला असतो त्यात दुखणं जाणवत नाही, अर्ध्या तासाने मनगट सुजतं. बसा, पाणी प्या, तोवर बाकीच्यांनी त्याची गाडी बघायची: हँडल सरळ आहे का, लिव्हर, ब्रेक, गियरचा पेडल, कुठून गळतंय का. पुढे तो लीडच्या मागे, आणि तो दिवस तिथून जवळच्या मुक्कामाला संपवायचा. आणि पडलेला, आजारी किंवा गाडी बंद पडलेला, कुणीही असो, एकट्याला मागे सोडायचं नाही. त्याच्याबरोबर एक थांबतोच, कोण थांबणार ते आधीच ठरलेलं असेल तर बरं.

रोज संध्याकाळी

दहा मिनिटं गाडीला: टायरला काही रुतलंय का, ब्रेक पॅड, चेन, ऑइल, लगेजच्या रॅकचे नट, तारांची चाकं असतील तर स्पोक. दहा मिनिटं उद्याच्या रस्त्याला: थांबे कुठे, पेट्रोल कुठे, हवामान काय म्हणतंय, रस्ता बंद असेल तर दुसरा कोणता. रस्त्याची ताजी खबर समोरून आलेल्या ड्रायव्हरकडूनच मिळते, त्यांना विचाराच. आणि थोडा वेळ एकमेकांना, आज कुणाला घाई झाली, कुणाला फार वेळ थांबावं लागलं, ते तिथेच बोलून टाका, मनात ठेवून दुसऱ्या दिवशी कुणी रागात चालवू नये. डोंगरात दुपारनंतर ढग येऊन पाऊस कोसळणं नेहमीचं, म्हणून खिंड सकाळी आणि खालचा रस्ता दुपारी असा दिवस लावा. फोटोला थांबायचं तर वळणावर, पुलावर, दरडीखाली नाही, मागून येणाऱ्याला लांबून दिसेल अशा सरळ जागी, आणि गाडी डांबराच्या बाहेर.

परतीचा दिवस सगळ्यात छोटा ठेवा. घाट उतरून सपाटीला लागलं की सगळ्यांना घर दिसायला लागतं, थांबे गाळले जातात, फाट्यावर कुणी मागे बघत नाही. त्या दिवशी उलट तासातासाला थांबा, शेवटच्या थांब्यावर सगळे आल्याशिवाय कुणी निघायचं नाही, आणि घरी पोचल्यावर पोचलो म्हणून ग्रुपवर मेसेज टाकायचा. शेवटच्या माणसाचा मेसेज येईपर्यंत लीडने फोन बाजूला ठेवायचा नाही.